दुसऱ्याच्या नावावर गाजलेलं गाणं

नकुल कर्णिक पाच वर्षांचा होता, तेव्हा त्याच्या वडिलांनी मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याकडून जुनी गाडी विकत घेतली. तो गृहस्थ नोकरी सोडून मायदेशी चालला होता. गाडी धड होती, हीटर उत्तम होता, फक्त कॅसेट प्लेअरमध्ये एक कॅसेट अडकून बसली होती. इंजिन सुरू केलं की ती आपोआप वाजायला लागायची. श्रीरामनी, म्हणजे नकुलच्या वडिलांनी, चिमटा घालून पाहिला, स्क्रूड्रायव्हर घालून पाहिला आणि शेवटी, "वाजू दे. आवाज बारीक करता येतो ना, झालं तर," म्हणून नाद सोडला.

तेव्हापासून मिशिगनच्या बर्फातून शाळेत जाताना, किराणा आणताना, कुणाकडे सत्यनारायणाला जाताना कर्णिकांच्या गाडीत एकच इंग्लिश बँड वाजत राहिला. 'द ग्रे फेरीज'. हल नावाच्या बंदरातली चार पोरं. पंकवाल्यांचा आरडाओरडा ओसरल्यावर इंग्लंडात सिंथेसायझर घेऊन जी न्यू वेव्हची पिढी आली, तिच्यातली ही मंडळी. पहिला अल्बम त्यांनी गोदीवरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात रेकॉर्ड केला, कारण स्टुडिओ परवडत नव्हता. त्या भिंतींमुळे गायकाच्या, टेरी वॉडलोच्या, आवाजाला एक गार पोकळपणा आला आणि लोकांना तोच आवडला. 'टर्मिनल रोड' हे त्यांचं गाणं ब्रिटनच्या चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, अमेरिकेतही गाजलं. पुढचे दोन अल्बम बऱ्यापैकी चालले, चौथा पडला आणि बँड फुटला. पहिला नंबर त्यांना कधी मिळाला नाही. हे सगळं नकुलला नंतर वाचून कळलं. त्या वयात त्याला फक्त तो आवाज माहीत होता.

"हा माणूस गातोय की कण्हतोय?" त्याची आई, सुलेखा, विचारायची. पण मागच्या सीटवरून पोरगं शब्दन् शब्द त्याच्याबरोबर म्हणत असायचं आणि तेही त्याच कण्हण्यासकट. नकुलला लहानपणी दम्याचा त्रास होता. गाता गाता मध्येच ओठ मिटून तो नाकाने एक छोटासा श्वास ओढून घ्यायचा, जसं कुणी गरम चहाचा वास घ्यावा. दमा पुढे गेला, ती सवय राहिली.

मोठेपणी नकुल गायक वगैरे झाला नाही. तो जॉर्जियात अल्फारेटाला राहायला आला आणि घरांच्या विमा कंपनीत लागला. गारपीट झाली, वादळ आलं, की लोकांच्या छपरांवर शिडी लावून चढायचं, कुठे किती नुकसान झालंय ते पाहायचं, फोटो काढायचे. बायको आश्लेषा मूळची पुण्याची, आयटीत. मुलगी सिया हायस्कूलमध्ये. श्रीराम गेल्यावर सुलेखाही ट्रॉयचं घर विकून त्यांच्याकडे आली होती. या सगळ्या सरळ संसारात नकुलचं एकच वेगळं होतं. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी तो काळा कोट चढवून रॉझवेलमधल्या एका बारमध्ये जायचा आणि चार मित्रांबरोबर ग्रे फेरीजची गाणी गायचा. असल्या बँडना ट्रिब्यूट बँड म्हणतात; मूळ बँडसारखं हुबेहूब वाजवणं हेच त्यांचं काम. बाकीचे चौघे ठीकठाक होते. नकुल मात्र तोंड उघडायचा आणि पन्नाशी-साठीतली गोरी माणसं बिअरचा ग्लास खाली ठेवायची. बरेच जण डोळे मिटून ऐकत. नकुलला त्याचं कारण माहीत होतं. डोळे उघडले की समोर सावळा, टक्कल पडू लागलेला देसी माणूस दिसायचा आणि मजा जायची.

"तुला नाही वाईट वाटत?" आश्लेषाने एकदा विचारलं होतं.

"कशाचं? दे आर हिअरिंग हिम. तेच तर हवंय."

टेरी वॉडलो तोपर्यंत जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. यकृताच्या आजाराने, हललाच, फारसा कुणाला पत्ता न लागता.

मग एके दिवशी ग्रॅहम पिकचा फोन आला. ग्रॅहम म्हणजे ग्रे फेरीजचा कीबोर्डवाला. बहुतेक गाण्यांच्या चाली त्याच्याच. नकुलला आधी वाटलं, कुणीतरी मित्र थट्टा करतोय. पण तो खराच ग्रॅहम होता. त्याने नकुलचे बारमधले व्हिडिओ पाहिले होते आणि तो अटलांटाला येणार होता.

"आमचं एक गाणं अर्धवट राहिलंय," तो म्हणाला. "'पायलट बोट' नावाचं. शेवटच्या सेशनमध्ये टेरीने नुसतं गुणगुणून ठेवलं होतं. पहिलं कडवं आहे, पुढे शब्दच नाहीत. शब्द मी आता लिहिलेत. ते कसे बसतात हे ऐकायला मला एक आवाज हवाय. तू येशील?"

नकुल येणार नाही असं कसं होईल? त्याने दोन दिवसांची रजा टाकली. स्टुडिओच्या दारात ग्रॅहमच्या सोबतच्या बाईंनी काही कागद पुढे केले, त्यावर त्याने उभ्याउभ्याच सह्या केल्या. त्यातलं एकच वाक्य त्याच्या लक्षात राहिलं: इथे जे होईल त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. मोठ्या लोकांचं असंच असणार.

ते दोन दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं तो नंतर म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा. हेडफोनमध्ये टेरी गुणगुणत होता. खरा टेरी, मागे खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी खोकलं. आणि जिथे तो थांबत होता तिथून नकुल पुढे जात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं कडवं झालं तेव्हा काचेपलीकडे ग्रॅहम तोंडावर हात धरून बसलेला होता. बाहेर येऊन त्याने नकुलला मिठी मारली. म्हातारा इंग्रज माणूस, नीट मिठीही मारता येत नव्हती त्याला.

"पुढे काय?" नकुलने विचारलं.

"बघू या. आधी घरी जाऊन ऐकतो," ग्रॅहम म्हणाला.

घरी येताना नकुलच्या डोक्यात काय काय चालू होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. बँड पुन्हा उभा राहतोय, त्यांना गायक हवाय, आपण एखाद्या दौऱ्यावर जातोय. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने असली स्वप्नं पाहू नयेत हे त्याला कळत होतं. तरी तो पाहत होता.

ग्रॅहमचा फोन आला नाही. हिवाळा गेला. एप्रिलमध्ये जोरदार गारा पडल्या आणि नकुल रोज कुणाच्या ना कुणाच्या छपरावर असायचा. अशाच एका सकाळी तो कमिंग नावाच्या गावातल्या एका घरावर चढला होता. शेजारच्या घरी छप्पर बदलण्याचं काम चालू होतं, कामगारांनी अंगणात स्पीकर लावला होता. स्पॅनिश गाणी चालली होती. मग कुणीतरी स्टेशन बदललं आणि नकुलला स्वतःचा आवाज ऐकू आला.

म्हणजे आवाज पूर्ण त्याचा नव्हता. जास्त जाड होता, थोडा खरबरीत, बर्फाच्या कारखान्यातल्यासारखा गार. पण दुसऱ्या कडव्यातला प्रत्येक हेलकावा त्याचा होता. शब्द लांबवण्याची, सोडून देण्याची जागा त्याची होती. गाणं संपलं आणि निवेदक बाई भारावलेल्या सुरात म्हणाल्या, "टेरी वॉडलो यांचं चाळीस वर्षांनी सापडलेलं, आजवर न ऐकलेलं रेकॉर्डिंग."

नकुल छपरावर होता तिथेच बसला. खालून घरमालकिणीने दोनदा हाक मारली, "इज इट दॅट बॅड?" तिला वाटलं, छपराचं फारच नुकसान झालंय.

त्याने गाडीत बसून ग्रॅहमला फोन लावला. पुष्कळ वेळाने तो उचलला गेला.

"हे टेरीचं गाणं आहे," ग्रॅहम म्हणाला. त्याने हे बोलणं आधीच घोकून ठेवलं असावं. "तू गायलास ती नुसती परांची होती. इमारत बांधताना लागते, मग काढून टाकतात. मशीनने त्यावर टेरीचा आवाज चढवला. त्याच्याच जुन्या रेकॉर्डमधून घेतलेला, अगदी त्याचा."

"पण तुम्ही म्हणताय की सापडलं."

"पहिलं कडवं सापडलंच ना?"

"आणि बाकीचं?"

ग्रॅहम हळूच म्हणाला, "नकुल, त्याला जाऊ दे ना एकदा पहिल्या नंबरवर. तू सही केली आहेस."

आणि टेरी खरोखरच पहिल्या नंबरवर गेला. ब्रिटनमध्ये 'पायलट बोट' तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात वर पोचलं. अमेरिकेतही पोरं आपापल्या व्हिडिओंना ते लावू लागली. कुणी मेलेल्या आजोबांचे फोटो लावी, कुणी कुत्र्याचे. बँड त्याच्या ऐन भरात होता तेव्हा जे झालं नव्हतं, ते आता झालं. वर्तमानपत्रांत लेख आले की कसं एका जुन्या कपाटात टेप सापडली. नकुल ते लेख वाचायचा, फोन बंद करायचा, परत उघडून वाचायचा.

घरी पहिल्यांदा गाणं लावलं ते सियाने, स्वयंपाकघरात. सुलेखा कोथिंबीर निवडत बसली होती.

"बाबा, धिस साउंड्स अ लिटल लाइक यू," सिया म्हणाली.

"एव्हरीबडी सेज दॅट," म्हणून नकुल फ्रिज उघडून उगीच आत बघत राहिला.

सिया वर गेली तशी सुलेखाने हातातली जुडी खाली ठेवली. "तू कधी गायलास हे?"

"मी नाही आई. तो टेरी आहे, कॅसेटवाला."

"आवाज असेल त्याचा. मी आवाजाचं म्हणत नाही." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "शेवटच्या कडव्याच्या आधी तो नाकाने श्वास घेतो ना, तो तुझा आहे. तुझा दमा मी रात्र रात्र बसून ऐकलाय. मला काय सांगतोस?"

"आई, तुझं काहीतरीच."

सुलेखाने कोथिंबिरीचे देठ गोळा केले, कचऱ्यात टाकले आणि खोलीत निघून गेली. त्यानंतर दोन-तीन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. नकुलला आठवत होतं तेव्हापासून आईशी तो असं धडधडीत खोटं कधी बोलला नव्हता.

आश्लेषाला मात्र त्याने सगळं सांगितलं. तिने कागद मागितले, ते वाचले, वकील असलेल्या मैत्रिणीला विचारलं. मैत्रीण म्हणाली, सही पक्की आहे, गप्प बसणं शहाणपणाचं. "मग गप्प बस ना यार," आश्लेषा म्हणाली. "तुला माहितीये, मला माहितीये. लोकांना कळून तुला काय मिळणार आहे?" आपल्याला नाव हवंय का? हवं होतं थोडंसं, हे तो स्वतःशी कबूल करायचा. पण रात्री जे खुपत होतं ते नाव नव्हतं. लोक रडत होते आणि कशावर रडतायत हे त्यांना माहीत नव्हतं, हे त्याला खुपायचं.

ट्रिब्यूट बँडला एकदम मागणी आली. रॉझवेलच्या बारऐवजी मॅरिएटामधलं मोठं थिएटर मिळालं. मित्र खूश होते. "'पायलट बोट' तर घ्यावंच लागेल," ते म्हणाले. नकुलने घसा बसल्याचं कारण दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगता येईना.

त्या कार्यक्रमाला हेदर वॉडलो आली. टेरीची मुलगी, वय पन्नाशीच्या आसपास, न्यूकॅसलला नर्स. गाण्याच्या निमित्ताने एका रेडिओ स्टेशनने तिला अटलांटाला बोलावलं होतं आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की इथे एक भारतीय माणूस आहे, तो तुझ्या वडिलांसारखा गातो. कार्यक्रम संपल्यावर ती मागच्या खोलीत आली. वडिलांचेच मोठे, जरा बाहेर आलेले डोळे. नकुलने ते अल्बमच्या मुखपृष्ठावर हजार वेळा पाहिले होते.

"तुम्ही 'पायलट बोट' गाताना मी बाहेर जाऊन उभी राहिले," ती म्हणाली. "राग मानू नका. तुम्ही फार छान गाता. पण ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

"राग कसला," नकुल कसाबसा म्हणाला.

"मी सहा वर्षांची असताना आईने मला घेऊन घर सोडलं. ते मला शनिवारी भेटायचे, गोष्टी वाचून दाखवायचे. पान उलटताना एक छोटासा श्वास घ्यायचे, नाकाने. मी ते विसरूनच गेले होते हो. आणि हे गाणं आलं. शेवटच्या कडव्याआधी तो श्वास आहे. मी रोज कामावर जाताना गाडीत ऐकते, तेवढ्यासाठी." ती हसली, डोळे पुसले. "इतकी वर्षं त्यांच्यावर रागच होता माझा. आता कमी झालाय."

नकुलने मान हलवली. तिने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारचं आपलं विमान आहे, सकाळी वेळ असेल तर कॉफी घेऊ, असं म्हणून नंबर दिला आणि ती गेली. नकुल मित्रांचा निरोप न घेताच घरी निघून आला.

सकाळी तो खाली आला तेव्हा सुलेखा देवापुढे निरांजन लावत होती. तो तिच्या मागे खुर्चीवर बसून राहिला. तिची पूजा आटोपल्यावर म्हणाला, "आई, तो मीच आहे. गाण्यातला."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

त्याने हेदरचं सांगितलं. सांगताना मराठी कमी पडली की इंग्रजीत जात होता, पुन्हा परत येत होता. सुलेखा सगळं ऐकत होती. तिच्या जुन्या फोनमध्ये श्रीरामांच्या आवाजातला एक निरोप तिने जपून ठेवला होता: 'अगं, दूध आणतोय, अजून काही हवंय का?' ती तो अधूनमधून ऐकते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नसे.

"समजा," नकुल म्हणाला, "बाबांचा तो मेसेज बाबांचा नसता. कुणीतरी बनवलेला असता. तुला कळायला हवं होतं?"

सुलेखाने निरांजनाची वात पुढे सारली. "नको होतं," ती म्हणाली. "खरं सांगू, मला नकोच होतं. पण ज्याला माहितीये त्याने येऊन माझ्याबरोबर फोटो काढला असता आणि गेला असता, तर त्याला मी कधी माफ केलं नसतं."

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? तिचं काय होईल ते तुला बघावं लागेल. मला नाही."

नकुलने हेदरला विमानतळाजवळच्या एका साध्या नाश्त्याच्या जागी बोलावलं. तिने अंडी आणि टोस्ट मागवला, आदल्या दिवसापेक्षा ती ताजीतवानी दिसत होती. तिचा पहिला घास घेऊन होईपर्यंत तो थांबला. मग त्याने स्टुडिओपासून सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. पहिलं कडवं टेरीचं, पुढचं आपलं, वरून चढवलेला आवाज मशीनचा. दम्याचंही सांगितलं.

हेदर त्याच्याकडे बघत होती, पण तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, गळ्यावर होती.

"तो श्वास?" तिने विचारलं.

"माझा आहे."

"पण ते घ्यायचे. पान उलटताना."

"घेत असतील. मी तुमच्या आठवणीबद्दल काही म्हणत नाही."

"तुम्हाला काय माहीत माझ्या आठवणीबद्दल?" तिचा आवाज चढला नाही. "आता मला कसं कळणार ते घ्यायचे की नाही? मी महिनाभर तुमचा श्वास ऐकतेय आणि त्यांना आठवतेय. आता त्यातलं त्यांचं कुठलं आणि तुमचं कुठलं?"

"आय अॅम सॉरी," तो म्हणाला.

"काल मी तुमच्यासमोर रडले. तेव्हा सांगायचं होतंत. नाहीतर कधीच सांगायचं नव्हतंत." तिने पर्स उचलली. दारापर्यंत जाऊन ती परत आली, टेबलावर राहिलेला फोन घेतला आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. इंग्लंडला पोचल्यावर हेदरने एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली. रेकॉर्ड कंपनीने आधी नाकारलं, मग 'आधुनिक तंत्राची मदत' असे शब्द वापरले, मग निवेदन काढलं की टेरी वॉडलोंच्या स्मृतीला ही आदरांजली होती. ग्रॅहम पिक कुणाशी बोलेना. आता गाणं चार्टवरून उतरेल असं नकुलला वाटलं होतं. उलट ते घसरू लागलं होतं तिथून पुन्हा वर चढलं. लोक आता खोटं कुठे सुरू होतं ते शोधण्यासाठी ऐकत होते. कंपनीने गाण्यापुढे बारीक अक्षरांत नकुलचं नाव घातलं आणि वकिलांमार्फत त्याला गप्प राहण्याचा करार मोडल्याची नोटीसही पाठवली. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. पण ते होणार नाही हे कळेपर्यंतचे महिने आश्लेषाने जागून काढले. तिने त्याला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, "तू मला विचारलं पण नाहीस, नकुल. आईंना विचारलंस." ते त्याला जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

अनोळखी लोकांनी त्याला वाट्टेल ते लिहिलं. काहींनी लिहिलं, की तू टेरीपेक्षा चांगला गातोस. काहींनी त्याच्या रंगाबद्दल लिहिलं आणि कुठे परत जावं तेही लिहिलं. जन्म ट्रॉयमधला असल्याने, परत म्हणजे मिशिगनला का, असं त्याने सियाला हसवायला विचारलं. ती हसली नाही. शाळेत तिलाही मुलांनी छळलं होतं. बँडमधल्या मित्रांनी आणखी एक कार्यक्रम केला, दुसरा गायक घेऊन. नकुलने तो काळा कोट दानाच्या पेटीत टाकला. गाडीतसुद्धा तो गात नसे. छपरं पाहायची, घरी यायचं, एवढंच राहिलं होतं. सुलेखाने एकदा मराठी मंडळाच्या दिवाळीला गाशील का म्हणून विचारलं, त्यावर तो, "नको गं," इतकंच म्हणाला आणि तिने पुन्हा विषय काढला नाही.

वर्ष उलटून गेलं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी तो अंगणात पानं गोळा करत होता, तेव्हा हेदरचा फोन आला. तिने कसं काय वगैरे विचारलं नाही.

"मी वडिलांच्या वस्तू आवरतेय," ती म्हणाली. "कॅसेट आहेत, फोनवरचे निरोप आहेत, नेटवरून उतरवलेलं काय काय आहे. मला आता कशाचीच खात्री वाटत नाही. तुम्ही ऐकून सांगाल?"

"मी?"

"तुम्हाला त्यांचा आवाज माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला हे म्हणायला आवडत नाहीये."

नकुलने झाडू कुंपणाला टेकवला आणि पायरीवर बसला. "लावा," तो म्हणाला.

पहिली एक कॅसेट होती, घरी केलेली. टेरी एका लहान मुलीला बदकांची गोष्ट वाचून दाखवत होता. पानं उलटल्याचा आवाज येत होता. नकुल कान देऊन ऐकत होता. पानं उलटताना टेरी नाकाने श्वास घेत नव्हता. तो जीभ टाळूला लावून एक बारीक 'टक्' असा आवाज करत होता, प्रत्येक पानाला.

"हे त्यांचंच आहे," नकुल म्हणाला. "नक्की."

"श्वास ऐकू येतो का?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "नाही. जीभ वाजवतात. ऐका, आत्ता."

तिने पुन्हा लावलं. पलीकडे कॅसेट फिरत राहिली, टक्, पान, टक्. ती म्हणाली, "हो. असं करायचे ते. मला याचाच कंटाळा यायचा."

मग तिने एकेक लावायला सुरुवात केली. वाढदिवसाचा निरोप, एका मुलाखतीचा तुकडा, कुठल्याशा पबमध्ये गायलेलं. "त्यांचा," तो सांगत होता. "त्यांचा. हाही त्यांचा." आतून सुलेखा चहाचा कप घेऊन आली, त्याच्याशेजारी ठेवला आणि दारात उभी राहिली.

शेवटी हेदरने एक गाणं लावलं. 'टर्मिनल रोड', नुसत्या गिटारवर, मागे लोकांची कुजबुज. "हे मला फार आवडतं," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षातलं आहे, असं नेटवर जिथून घेतलं तिथे लिहिलंय. वडील खूप दमलेले वाटतात."

नकुलने पहिली ओळ ऐकली आणि डोळे मिटून घेतले. रॉझवेलचा बार, पावसामुळे ड्रमवाला आला नव्हता, समोर जेमतेम दहा माणसं. त्या दिवशी त्याला ताप होता.

"हे पुसून टाका," तो म्हणाला. "हा मी आहे."

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला. "पुढचं लावते," हेदर म्हणाली.